तळ्याची भांडी

ताडोबाच्या तळ्याची एक जुनी गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. इंग्रज अमलातल्या चांदा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. चिमूरच्या डोंगरांतून एक लग्नाचे वऱ्हाड चालले होते. वाटेत कुठे पाणी मिळेना. माणसे तहानेने व्याकूळ झाली. तेवढ्यात एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, नवरा-नवरीने इथली जमीन खणावी. त्या दोघांनी हसत हसत खणायला घेतले. पहिली माती बाजूला होते न होते तोच खालून स्वच्छ पाण्याचा झरा उसळला. वऱ्हाडी पाणी पीत असतानाच पाणी वाढत गेले, पसरत गेले आणि नवरा-नवरी त्यात बुडाली. तेच आजचे तळे.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे तळ्यावर यात्रेकरू येऊ लागले. त्यांना रांधायला भांडी लागत. काठावर उभे राहून मागितली की हवी तेवढी भांडी पाण्यातून वर येत. काम झाले की ती घासून-धुऊन पुन्हा पाण्यात सोडायची, एवढीच रीत. असे कित्येक वर्षे चालले. मग एकाच्या मनात लोभ शिरला. मिळालेली भांडी त्याने घरी नेली. घरी ती नाहीशी झाली, आणि त्या दिवसापासून तळ्याने कोणालाच भांडी दिली नाहीत.

अशी भांडी देणाऱ्या तळ्यांच्या आणि डोहांच्या कथा महाराष्ट्रात इतरत्रही सांगतात. लहानपणी आपल्याला पाण्यातून वर येणाऱ्या भांड्यांचे नवल वाटते. वय वाढल्यावर नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. इतकी वर्षे इतक्या लोकांनी ती भांडी परत का केली? तळे मोजून देत नव्हते. वही नव्हती, पावती नव्हती, काठावर पहारेकरी नव्हता. देणारा दिसत नाही, परत मागत नाही, न दिल्यास दारात येऊन ओरडत नाही. अशा वेळी घेणाऱ्याकडे देणे उरते का? आज या एकाच प्रश्नावर थोडे बोलू या, कारण आपण घुग्घुसचे लोक ज्या जमिनीवर राहतो तिथे हा प्रश्न गोष्टीतला राहिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात आपल्या धर्मग्रामातली काही कुटुंबे मिळून ताडोबाला जाऊन आली. चंद्रपूर ओलांडून मोहर्लीच्या वाटेला लागले की हळूहळू रस्त्याचा रंग बदलतो. इकडे झाडांची पानेसुद्धा कोळशाच्या धुळीने करडी झालेली. तिकडे साग, बांबू, मोह, तेंदू. फाटकावर कागद दाखवायचे, गाइड आणि जिप्सी घ्यायची आणि आत शिरायचे. मुलांना वाघ पाहायचा होता. मोठ्यांनाही तोच पाहायचा होता, फक्त ते तसे बोलून दाखवत नव्हते. तळ्याशी गाडी थांबली तेव्हा वाघ नव्हता, पाणी होते. त्या पाण्यात मगरी आहेत आणि गाडीतून उतरायला परवानगी नाही. म्हणजे ज्या झऱ्याची गोष्ट ऐकत आपण वाढलो, त्याच्या पाण्याला आता हात लावता येत नाही. लांबून पाहायचे आणि निघायचे.

हे योग्यच आहे, असे माझे मत. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. हे झाले नसते तर तळ्याकाठी आज काय काय उभे राहिले असते, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. तळ्याच्या काठी तारू देवाचे ठाणे आहे. तारू हा गोंड गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मेला असे सांगतात आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव आले. पौषात तिथे जत्रा भरत असे. आता वनखात्याच्या नियमांत बसेल तेवढेच जाणे-येणे. प्रकल्पाच्या गाभ्यातली काही गावे उठली. बोटेझरीचे लोक २००७ च्या सुमारास बाहेर आले. आपण ज्या शांत पाण्याचा फोटो घरी आणला, त्या शांततेची किंमत आधी कोणीतरी मोजलेली आहे.

परतीच्या वाटेवर एका तरुणाने विचारले, "तिकिटाचे पैसे भरले ना आपण? मग आता कोणाचं काय देणं लागतो?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. उलट फार प्रामाणिक होता, कारण आपण बहुतेकजण असाच विचार करतो. नळाचे बिल भरले, विषय संपला. पण ते बिल कशाचे असते ते पाहा. नदीतून पाणी उचलणाऱ्या पंपाच्या विजेचे, जलवाहिनीचे, तुरटीचे, ब्लीचिंग पावडरचे आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाच्या पगाराचे. पाण्याचे पैसे त्यात कुठे आहेत? ते पाणी ज्याने केले त्याला कोणी बिल विचारलेले नाही. ताडोबाच्या तिकिटाचेही तसेच. गाइडची मजुरी, गाडीचे भाडे, वनखात्याचे शुल्क. झऱ्याचे त्यात काही नाही.

दुसरे उत्तर आपण देवमाणसे देतो. पाणी ही परमेश्वराची देणगी आहे, तो काही परत मागत नाही. हे खरे आहे आणि तरीही अर्धवट आहे. फुकट मिळाले म्हणून देणे नाही, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. आईने वाढवले ते फुकटच. म्हणून आईचे आपण काही लागत नाही, असे कोणी म्हणेल का?

इथे आपल्या मराठीतला एक साधा शब्द उपयोगी पडतो. कर्ज आणि उसने यांत आपल्या आयाबायांनी किती नेमका फरक केला आहे! कर्ज सावकाराचे किंवा बँकेचे. त्याला कागद लागतो, व्याज लागते, ते पैशात फिटते आणि फिटले की संबंध संपतो. उसने शेजाऱ्याचे. त्याला कागद नाही, व्याज नाही. पण त्याचा एक नियम पक्का आहे. जे नेले तेच परत द्यायचे. वाटीभर साखर उसनी आणली तर वाटीभर साखरच द्यायची, तिचे पैसे शेजारणीच्या हातात ठेवले तर तिला राग येतो. आणि शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, त्यात काहीतरी घालून पाठवतो. उसने फिटल्यावर संबंध संपत नाही, उलट घट्ट होतो.

पाणी हे कर्ज नव्हे, उसने आहे. असे मानले की बिल भरून ते फिटत नाही, हे लगेच कळते. पाणी घेतले तर पाणीच परत गेले पाहिजे, आणि घासलेल्या भांड्यासारखे स्वच्छ गेले पाहिजे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीबद्दल जवळपास हीच भाषा वापरली आहे. प्रत्येक पिढीला ती उसनी मिळते आणि पुढच्या पिढीला द्यायची असते, असा त्याचा आशय. रोममध्ये जे लिहिले गेले ते आपल्या जिल्ह्यातल्या यात्रेकरूंना तळ्याकाठी भांडी घासताना ठाऊक होते, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

पण परत कोणाला करायचे? देणारा तर दिसत नाही. गोष्टीतच उत्तर आहे. भांडी पाण्यात सोडली की ती तळ्याच्या उपयोगाची नव्हती. तळे काही रांधत नाही. ती उद्या येणाऱ्या यात्रेकरूसाठी होती. घेतले एकाकडून, परत करायचे दुसऱ्याला, आणि तो दुसरा अजून आलेलासुद्धा नाही. म्हणूनच तो मागत नाही. मागणारा नाही म्हणून देणे नाही, असे म्हणणारा माणूस खरे तर एवढेच म्हणतो की मागणारा अजून पोहोचलेला नाही.

झऱ्याचे काम कसे चालते ते समजून घेतले तर हे नुसते बोलण्यातले राहत नाही. आपल्या जिल्ह्यात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. उघड्या जमिनीवर पडलेला पाऊस धावत नाल्यात जातो, नाल्यातून नदीत, नदीतून समुद्रात. जंगलात तसे होत नाही. थेंब आधी पानावर पडतो, मग पाचोळ्यावर, मग बांबूच्या मुळांच्या जाळ्यातून हळूहळू मातीत उतरतो, तिथून मुरमात, वालुकाश्माच्या फटींत. तो महिनोन्‌महिने खाली चालत राहतो. आणि मे महिन्यात, चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेलेला असताना, कुठल्यातरी खडकाच्या पोटातून बोटाएवढी धार होऊन बाहेर येतो. म्हणजे मेमध्ये झऱ्यावर तहान भागवणारा माणूस मागच्या पावसाळ्याचे पाणी पीत असतो. त्याच्या आधीच्यांनी ते झाड तोडले नाही, म्हणून ते पाणी त्याच्यापर्यंत आले.

जुन्या लोकांना या धारेची किंमत होती. गावांची नावे पाहा. बोटेझरी, आगरझरी, घोडाझरी, पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी. ज्याच्या जिवावर वस्ती झाली त्याचे नाव त्यांनी गावाला दिले. आज आपण वसाहतीला पुढाऱ्याचे नाव देतो.

नदीच्या कोरड्या पात्रात बाया झिरा खणतात, तेही असेच. वाळूत हातभर खड्डा करायचा आणि थांबायचे. पहिले पाणी गढूळ येते, ते काढून टाकायचे. मग निवळ पाणी पाझरते ते वाटीने गुंडात भरायचे. भरून झाले की उपसत बसायचे नाही. मागे दुसरी बाई उभी असते, आणि झिऱ्याला पुन्हा भरायला वेळ लागतो. झिऱ्यात गुरांचे पाय पडू नयेत म्हणून भोवती काटे लावून ठेवतात. काटे लावणारीला त्याचा स्वतःला उपयोग थोडा. ती तर पाणी घेऊन घरी निघालेली असते.

कायद्याला ही गोष्ट समजायला वेळ लागला. १८८२ च्या इंग्रजी अमलातल्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी त्या जमिनीच्या मालकाने हवे तसे घ्यावे, असे धरले. माझी जमीन, माझे पाणी. वर कुंपण घालता येते, पण खाली पाणी कुंपण मानत नाही, हे तेव्हा कोणी विचारात घेतले नाही. एकाने खोल बोअर मारली की चार शेजाऱ्यांच्या विहिरी आटतात, हे गावोगाव दिसू लागल्यावर महाराष्ट्राने १९९३ साली कायदा केला, की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या खटल्यात सांगितले की नद्यांसारख्या गोष्टींचे सरकार मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. सरकारसुद्धा मालक नाही! मग आपण कोण?

आता त्या लोभी माणसाकडे येऊ. गोष्टीतला हा भाग मला फार दिवस खटकत आला आहे. चोरी एकाने केली आणि भांडी सगळ्यांची बंद झाली. हा कुठला न्याय? ज्याने चोरले त्याला शिक्षा करावी. बाकीच्या भल्या यात्रेकरूंनी काय पाप केले?

विचार करता करता असे वाटते की गोष्ट सांगणाऱ्याला इथे शिक्षेबद्दल बोलायचेच नाही. तळे रागावलेले नाही. ते फक्त कसे आहे ते तो सांगतो आहे. वहीशिवाय चालणारा व्यवहार विश्वासावर चालतो आणि असा व्यवहार एकाने मोडला तरी सगळ्यांचा मोडतो. खोल बोअर मारणाऱ्या एका शेतकऱ्यामुळे ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांनी तरी काय पाप केले होते? पाण्याच्या बाबतीत निरपराध माणूस नेहमीच दुसऱ्याच्या चुकीची किंमत मोजतो. म्हणून पाणी चोरणे हे पैसे चोरण्यासारखे नाही, त्याहून वाईट आहे. पैसे चोरले तर ज्याचे गेले तो कळतो. इथे ज्याचे गेले त्याला स्वतःलाही कळत नाही, तो फक्त कोरड्या विहिरीत डोकावतो.

घुग्घुसला हे अधिक सांगण्याची गरज नाही. २६ ऑगस्ट २०२२ रोजी आमराई वॉर्डात भर वस्तीतले एक घर पाहता पाहता जमिनीत गेले. जिथे घर होते तिथे खोल खड्डा उरला. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडून जावे लागले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. ज्यांनी तो कोळसा काढला ते कोण, कुठले, आता हयात तरी आहेत का? तो कोळसा कुठल्या इंजिनात, कुठल्या भट्टीत जळून कधीच धूर होऊन गेला. आणि देणे वसूल झाले ते एका अशा घराकडून, ज्याने त्या खाणीतून टोपलीभरही नेले नसेल. भूमिगत खाणीत कोळसा काढल्यावर राहिलेली पोकळी वाळू आणि पाणी सोडून भरण्याची पद्धत आहे. आपल्यातले जुने कामगार तिला स्टोइंग म्हणतात. नीट भरलेली खाण म्हणजे घासून परत केलेले भांडे. (ती वाळू पुन्हा नदीतूनच आणायची, म्हणजे झिऱ्याच्या पाण्याची कोठी रिकामी करायची, हा आणखी एक पेच आहेच.)

पाण्याचेही तसेच. खाण जितकी खोल तितके आजूबाजूचे पाणी तिच्याकडे ओढले जाते. उपसले नाही तर काम चालत नाही, उपसले तर भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाते. उपसलेले पाणी नाल्याने वर्धा नदीला मिळते, वाटेत कोळशाची भुकटी घेऊन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातले अतिप्रदूषित औद्योगिक पट्टे मोजले, त्यात चंद्रपूरचा पट्टा होता आणि त्या पट्ट्यात आपले गाव होते. तेच पाणी स्वच्छ करून देता येत नाही असे नाही. नागपूरजवळ पाटणसावंगीला वेकोलिने खाणीतले पाणी शुद्ध करून 'कोल नीर' या नावाने बाटल्यांत भरायचा प्रकल्प केला. भांडे घासले हे खरे. मात्र तळ्याने जे फुकट दिले ते विकून परत करणे याला उसने फेडणे म्हणावे का, हे वाचकांनी ठरवावे.

हे सगळे एका सेवानिवृत्त खाणकामगारापुढे मांडले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "कोळसा काही उगवत नाही, सर. तो वापस कसा करायचा? अन् तो काढला म्हणूनच तं पोरं शिकली."

याला सोपे उत्तर नाही आणि ते देण्याचा आवही आणू नये. आपल्यातल्या बहुतेक घरांची चूल त्याच पगारावर पेटली. ज्या विजेवर आपल्या चर्चमधले पंखे फिरतात ती कोळशाची आहे, आणि तो कोळसा जाळणाऱ्या चंद्रपूरच्या वीज केंद्राला पाणी लागते ते ताडोबाला लागून असलेल्या इरई धरणाचे. आपल्यातला कोणीही काठावर उभे राहून दुसऱ्याला चोर म्हणू शकत नाही. मला एवढेच दिसते की कोळसा परत करता येत नाही, ही सबब पाण्याला लागू पडत नाही. जमिनीला लागू पडत नाही. जे परत करता येते ते परत न करण्यासाठी, जे परत करता येत नाही त्याच्या आड लपू नये. आणि देणे सर्वांवर सारखे नसते. टँकरवरून दोन हंडे आणणारी बाई आणि रोज हजारो लिटर उपसणारा कारखाना यांना एकाच रांगेत उभे करणे हा अन्याय आहे. ज्याने मोठे भांडे नेले त्याने मोठे भांडे घासावे.

राहिला एक प्रश्न. ज्याला परत करायचे तो 'पुढचा' म्हणजे कोण? माझी मुले, नातवंडे, इथवर कोणीही मान्य करतो. पण पाणी आपल्या नातलगांकडेच वाहत नाही. वढ्याला वर्धेत पैनगंगा मिळते. कार्तिकात तिथे जत्रेला जाणारे आपले कितीतरी शेजारी आहेत. तिथून वर्धा खाली जाते. ताडोबाच्या जंगलातली अंधारी वैनगंगेला मिळते, आणि पुढे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. म्हणजे वाघाने प्यायलेले पाणी आणि आपल्या नाल्याचे पाणी शेवटी एकाच पात्रात येते आणि सिरोंचाकडे, तेलंगणाकडे जाते. तिथे जो ओंजळ भरतो त्याची भाषा वेगळी, जात वेगळी, धर्म वेगळा. तोही 'पुढचा'च.

आपल्या देशात पाण्याच्या बाबतीत ही अडचण जुनी आहे. पाणी देवाचे, असे सगळे म्हणत आणि पाणवठे मात्र वाटून घेतलेले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या साध्या हक्कावर न्यायालयाची शेवटची मोहोर उमटायला १९३७ साल उजाडावे लागले. गुरे पीत होती, पक्षी पीत होते, माणसाला मात्र दहा वर्षे खटला लढवावा लागला.

संत योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्री या संदर्भात पुन्हा वाचून पाहा. याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी प्रभू येशू थकून बसला आहे. विहीर खोल आणि त्याच्याजवळ पोहरा नाही. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. आपण या प्रसंगावरची प्रवचने ऐकतो ती जिवंत पाण्याबद्दल, आणि ते बरोबरच आहे. पण त्याआधी एक साधी गोष्ट घडते. जगाच्या तारणाऱ्याकडे भांडे नाही. तो तिचे मागतो. ज्या भांड्याला शिवायचे नाही तेच मागतो. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्या विहिरीवर उलटेपालटे होते. पुढे ती गावात धावत जाते तेव्हा आपला घडा तिथेच ठेवून जाते. इतके लहानसहान सांगणाऱ्या योहानाने त्या घड्याचे पुढे काय झाले ते मात्र लिहिले नाही. विहीर गावाची होती. नंतर पाण्याला आलेल्या कोणाच्या तरी तो कामी आला असेल, असे मी आपले मानतो.

ताडोबाहून आल्यावर या विषयावर आपल्या मंडळींत दोन-तीनदा बोलणे झाले. झाडे लावावीत, फलक लावावेत, मुलांची चित्रकला स्पर्धा घ्यावी, असे सगळे सुचवून झाले. फलक तर आपल्याकडे भरपूर आहेत. मग एका आजीबाईंनी वस्तीतल्या जुन्या सार्वजनिक विहिरीची आठवण काढली. नळ येण्याआधी सगळी वस्ती तिचे पाणी पीत होती. उन्हाळ्यात ती आटत नसे. नळ आले, आणि तिच्यात आधी निर्माल्य, मग प्लास्टिक, मग फुटकी कवले जाऊ लागली. आता वर लोखंडी जाळी आहे आणि जाळीवर कोणीतरी वाळवण घालते. त्या विहिरीचे आपण सगळेच उसने लागतो. तिचे बिल कधी आले नाही, म्हणून ते लक्षात राहिले नाही एवढेच.

दहा-बारा माणसे आणि दोन-तीन रविवार एवढे काम आहे, मिस्सा झाल्यावर निघाले तरी चालेल. शेजारच्या मशिदीतली आणि विहारातली काही मुलेही येतो म्हणाली आहेत. गाळ काढायला एप्रिल-मे बरा, तेव्हा पाणी तळाशी असते. उतरण्यापूर्वी जाळी काढून विहीर दोन दिवस उघडी ठेवावी लागेल आणि आत दूषित हवा नाही ना, हे योग्य साधनाने तपासावे लागेल. दोराला बांधल्याशिवाय कोणी उतरणार नाही. ज्यांनी खाणीत जन्म घालवला त्यांना हे शिकवायला नको. त्यांनीच पुढे व्हावे. पाणी वर आले तरी लगेच कोणी पिऊ नये. आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे, म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना आधी तपासून घ्यावा लागेल. पिण्याजोगे नसले तर बागेला, गुरांना, कपड्यांना होईल. टोपल्या आणि दोर मिळाले आहेत. कप्पी अजून हवी आहे.